'राऊ'चे वाचक आणि काशीबाईंची बाजू

ऐतिहासिक कादंबरीबद्दल वाचक जे बोलतात, त्याला आपल्या समीक्षेत फारशी जागा मिळालेली नाही. समीक्षक कादंबरीची रचना पाहतो, इतिहासाचा अभ्यासक तिच्यातल्या चुका दाखवतो आणि वाचक बाजू घेतो. बाजू घेणे हे अपरिपक्व वाचनाचे लक्षण आहे, असे मीही पुष्कळ वर्षे मानत होते. शाळेत मराठी शिकवताना मुलींना मी तसे सांगितलेही असेल. आता मला तसे वाटत नाही. वाचक कोणाची बाजू घेतात आणि ती घेताना कशाकडे दुर्लक्ष करतात, यातून कादंबरीविषयी काही नवे कळू शकते. त्या समाजाविषयी तर नक्कीच कळते. ना. सं. इनामदार यांच्या 'राऊ'च्या निमित्ताने हे थोडे तपासून पाहावे, असा या लेखाचा हेतू आहे.

'राऊ' १९७२ साली प्रसिद्ध झाली. पहिला बाजीराव, त्याची पत्नी काशीबाई आणि बुंदेलखंडातून आलेली मस्तानी या तिघांभोवतीची ही कादंबरी पन्नासहून अधिक वर्षे वाचली जात आहे. २०१५ साली आलेल्या हिंदी चित्रपटाला तिचाच आधार होता. त्या चित्रपटानंतर कादंबरीला वाचकांची एक नवी पिढी मिळाली. आमच्या गावातल्या वाचनालयात महिन्यातून एकदा आम्ही दहा-बारा जण एखाद्या पुस्तकावर बोलायला बसतो. तिथे 'राऊ' दोनदा घेतली गेली, एकदा चित्रपटाच्या आधी आणि एकदा नंतर. दोन्ही वेळा चर्चा रंगली, थोडे वादही झाले. दोन्ही वेळा घरी जाताना माझ्या मनात आलेला प्रश्न त्या खोलीत कोणीच विचारला नव्हता. तो फार पूर्वी माझ्या आत्याने विचारला होता. त्याकडे मी पुढे येते.

त्या दोन बैठकींत आणि त्याआधीही, या कादंबरीबद्दल बोलणाऱ्या वाचकांचे मला साधारण तीन पक्ष दिसले.

पहिला पक्ष मस्तानीचा. या वाचकांना 'राऊ' ही प्रेमकथा वाटते. रणांगणावर न हरलेला माणूस आपल्याच घरात हरला, हे त्यांच्या वाचनाचे सूत्र. घरातली कर्मठ माणसे, पुण्यातला ब्रह्मवृंद, लोकलज्जा हे सगळे त्या प्रेमाच्या आड आले. साहजिकच मस्तानीच्या वाट्याला आलेला एकांत आणि अटक या वाचकांना जिव्हारी लागते. १९७२ मध्ये तरुण असलेल्या अनेकांनी ही कादंबरी अशीच वाचली. त्याआधी दहा वर्षे, १९६२ मध्ये, रणजित देसाईंची 'स्वामी' आली होती. माधवराव आणि रमाबाई यांच्या सहजीवनाचे चित्र मराठी घरांत आदर्श म्हणून रुजले होते. त्या आदर्शात दोघांपुरतीच जागा होती. 'राऊ'मध्ये माणसे तीन होती आणि ते वाचकांना नवे वाटले.

दुसरा पक्ष काशीबाईंचा. या पक्षात स्त्रिया अधिक, पण केवळ स्त्रिया नाहीत. बाजीरावाच्या पराक्रमाचे कौतुक करून झाले की हे वाचक विचारतात, घरच्या लक्ष्मीचे काय? चासच्या सावकार जोशी घराण्यातली ही मुलगी, नानासाहेबांची आई, वाड्याची धनीण. तिने काय पाप केले होते? आमच्या पहिल्या बैठकीत एका निवृत्त मुख्याध्यापिकेने हा मुद्दा फार तळमळीने मांडला. इनामदारांनी काशीबाईंना खलनायिका केले नाही, याबद्दल त्यांनी लेखकाचे आभार मानले. काशीबाईंनी सगळे सोसले, यातच त्यांचे मोठेपण आहे, असे त्यांचे म्हणणे.

तिसरा पक्ष इतिहासाचा. मस्तानी छत्रसालाची मुलगी होती की दरबारातली नर्तकी, तिचे लग्न झाले होते की नाही, 'मस्तानी महाल' नेमका कुठे होता, हे या वाचकांचे प्रश्न. कादंबरी त्यांच्या लेखी साक्षीदार असते आणि तिची उलटतपासणी करायची असते. या पक्षाकडे माहिती बरीच असते. मात्र, माहिती हाती आल्यावर त्यांना त्या दोन स्त्रियांविषयी काय वाटले, हे ते सहसा सांगत नाहीत.

चित्रपटानंतरच्या बैठकीत या पक्षांची थोडी सरमिसळ झाली. चोविसेक वर्षांची एक मुलगी चित्रपट पाहून कादंबरीकडे आली होती. पडद्यावर काशीबाई नवऱ्यासमोर उभी राहून बोलते. तशी ती तिला पुस्तकात सापडली नाही, अशी तिची तक्रार होती. एका ज्येष्ठ सभासदांना चित्रपटाचाच राग होता. दोन्ही स्त्रिया 'पिंगा' घालतात त्या प्रसंगावर महाराष्ट्रात बराच गदारोळ झाला होता आणि तो योग्यच होता, असे त्यांचे मत. पेशव्यांची पत्नी अशी नाचणार नाही, हा आक्षेप इतिहास म्हणून रास्तच आहे. पण तो होता घराण्याच्या मर्यादेबद्दल. सवतीबरोबर उभे राहताना काशीबाईंना काय वाटले असते, याची त्या साऱ्या वादात कोणी फारशी विचारपूस केली नाही.

आता माझा मुद्दा. मस्तानी-पक्ष आणि काशीबाई-पक्ष एकमेकांशी भांडतात खरे, पण एका गोष्टीवर त्यांचे एकमत असते. काशीबाई सोशिक होत्या आणि सोशिक असणेच त्यांना शोभते, हे दोघेही धरून चालतात. मस्तानी-पक्षाला ही सोशिक काशीबाई सोयीची असते. तिने आकांत केला तर प्रेमकथा वाचणाऱ्याला अपराधी वाटू लागेल. काशीबाई-पक्षाला ती पूजनीय वाटते, कारण तिच्या सोसण्यामुळेच तिची बाजू न्याय्य ठरते. म्हणजे पहिल्या पक्षात ती अडचण करत नाही म्हणून चांगली आणि दुसऱ्यात तक्रार करत नाही म्हणून थोर. दोन्हीकडे तिने गप्प राहायचे आहे.

दुसरी गोष्ट अधिक नाजूक आहे. काशीबाई-पक्षाचा युक्तिवाद असतो तो पहिल्या पत्नीवर दुसरी आणल्याचा. आजच्या वाचकाला हा अन्याय उघड दिसतो आणि तो अन्यायच आहे. पण बाजीरावाच्या घराने मस्तानीला नाकारले ते या कारणाने नाकारले का? ज्या साताऱ्याच्या गादीची पेशवे चाकरी करत होते, तिथे शाहू महाराजांच्या सकवारबाई आणि सगुणाबाई या दोन राण्या एकाच वेळी नांदत होत्या. एकाहून अधिक बायका असणे ही त्या काळातल्या मातब्बर घराण्यांत बोभाटा होण्याजोगी गोष्ट नव्हती. मस्तानी पुण्याच्या एखाद्या कोकणस्थ घरातली मुलगी असती, तर राधाबाई, चिमाजीअप्पा आणि नानासाहेब यांनी तिच्या येण्याचा एवढा विचार केला असता असे वाटत नाही. काशीबाईंचे दुःख तेव्हाही उरलेच असते. घराला मात्र ते दिसले नसते.

विरोध होता तो ती कोण होती याला. छत्रसाल प्राणनाथांच्या प्रणामी पंथाचा अनुयायी, आणि मस्तानीची आई मुसलमान होती असे परंपरा सांगते. तिच्या मुलाला घरात कोणते स्थान द्यायचे, हा खरा पेच होता. तेव्हा काशीबाई-पक्षाचे काही वाचक 'बिचारी पहिली बायको' असे म्हणतात, त्या वेळी मला एक शंका येते. पहिल्या बायकोचे दुःख हे एक सभ्य पांघरूण तर नाही ना? जो आक्षेप आज उघड घेता येत नाही, तो काशीबाईंच्या नावाने घेतला जातो का? सगळ्यांच्या बाबतीत हे खरे नाही. आमच्या मुख्याध्यापिकांच्या बाबतीत तर मुळीच नाही. पण त्याच बैठकीत काशीबाईंचा कैवार घेऊन बोलणाऱ्या एका गृहस्थांना काशीबाईंच्या मुलांची नावे विचारली, तेव्हा ती त्यांना सांगता आली नव्हती.

इथे मला आत्याकडे यावे लागते.

माझी मोठी आत्या सातारा जिल्ह्यातल्या एका खेड्यात राहत असे. लग्नाला नऊ वर्षे होऊनही मूल झाले नाही, म्हणून तिच्या यजमानांनी १९४४ मध्ये दुसरे लग्न केले. मुंबई इलाख्यात हिंदूंच्या द्विभार्या विवाहाला बंदी करणारा कायदा १९४६ साली झाला. सगळ्या देशासाठी तशी तरतूद हिंदू विवाह कायद्याने १९५५ मध्ये केली. आत्याचे प्रकरण त्याआधीचे, म्हणजे पूर्णपणे कायदेशीर. लग्नाच्या दिवशी नव्या नवरीला ओवाळायला तीच उभी होती, असे माझी आई सांगत असे. दुसरीला पुढे तीन मुलगे झाले. तिघेही आत्याला 'मोठी आई' म्हणत. धाकटी सतत आजारी असायची. त्यामुळे त्या मुलांची न्हाणी, दुखणी, अभ्यास, मुंजी सगळे आत्याच्या हातून झाले.

हे तपशील सांगण्याचे कारण एवढेच, की 'राऊ' प्रसिद्ध झाली तेव्हा मराठी वाचकांत अशा स्त्रिया होत्या. कादंबरीतली सवत त्यांच्यासाठी दूरच्या काळातली गोष्ट नव्हती. ती त्यांच्या स्वयंपाकघरात वावरत होती. १९७२ मध्ये पन्नाशी-साठीत असलेल्या बाईने ही कादंबरी कशी वाचली असेल, याचा विचार आपण ऐतिहासिक कादंबरीची चर्चा करताना करत नाही. अठराव्या शतकाचे चित्र खरे की खोटे, एवढेच बघतो. वाचणारी कोणत्या काळातून आली आहे, हे बघायचे राहून जाते.

आत्याने 'राऊ' १९७५च्या सुमारास वाचली. मी कॉलेजात होते आणि सुट्टीत पुस्तक घेऊन तिच्याकडे गेले होते. मी अर्थातच मस्तानी-पक्षात. दुपारची कामे आवरली की ती माजघराच्या उंबऱ्याशी बसून वाचायची. वाचनाचा वेग मंद, पण पान सोडायची नाही. आठ-दहा दिवसांत तिने पुस्तक संपवले. काशीबाईंबद्दल ती काही बोलेल, निदान डोळ्याला पदर लावेल, अशी माझी अपेक्षा होती. त्या वयात मला ते बघायचेही होते, हे कबूल करायला हवे. तिने पुस्तक मिटून माझ्याकडे दिले आणि विचारले, "मस्तानीचं ते पोर. त्याचं पुढं कुणी केलं गं?"

मला उत्तर देता आले नाही. कादंबरी बाजीरावाच्या आयुष्याबरोबर संपते. पुढे काय झाले हे शोधावे, असे मला तेव्हा सुचलेही नाही. प्रश्न थोडा बाळबोध वाटला होता.

पुढे बऱ्याच वर्षांनी तो शोध घेतला तेव्हा जे दिसले ते असे. काशीबाईंचा मुलगा रघुनाथ १७३४ साली जन्मला. मस्तानीचा मुलगा, जो पुढे समशेरबहादूर म्हणून ओळखला गेला, तोही १७३४ चाच. एका माणसाच्या दोन घरांत एकाच वर्षी पाळणे हलले. १७३९-४० च्या हिवाळ्यात मस्तानीला पुण्यात अटकेत ठेवले गेले, त्यात पुढाकार होता नानासाहेबांचा, म्हणजे काशीबाईंच्याच थोरल्या मुलाचा. तो तेव्हा १९ वर्षांचा होता. त्याच सुमारास घरात रघुनाथाची मुंज आणि चिमाजीअप्पांच्या सदाशिवाचे लग्न अशी शुभकार्ये चालू होती. २८ एप्रिल १७४० रोजी नर्मदेकाठी रावेरखेडी येथे बाजीराव वारला, तेव्हा काशीबाई तिथे होत्या. पाठोपाठ मस्तानीही गेली. कशी गेली, याबद्दल कथा अनेक आहेत. पाबळला तिची कबर आहे. सहा वर्षांचा तो मुलगा मागे राहिला.

त्याला टाकून दिले गेले नाही. पेशव्यांच्या घरातच तो वाढला, शस्त्रविद्या शिकला, त्याला सरंजाम मिळाला, मोहिमांवर तो भावांबरोबर गेला. काशीबाईंनी त्याला सांभाळले, असे परंपरेने सांगितले जाते. १७६१ मध्ये पानिपतावर तो पेशव्यांच्या बाजूने लढला आणि त्या लढाईतल्या जखमांनी दगावला. वय २७. बांद्याचे नवाब हे त्याचेच वंशज. काशीबाई बाजीरावामागे १८ वर्षे जगल्या. १७५८ मध्ये त्यांचे निधन झाले. काशीयात्रा केली, चासला सोमेश्वराचे देऊळ बांधले. त्या गेल्या तेव्हा समशेरबहादूर २४ वर्षांचा होता. म्हणजे त्याचे उरलेले बालपण आणि सगळे तारुण्य काशीबाईंच्या हयातीत गेले.

आता कागदपत्रांकडे पाहू. पेशवे दफ्तरातील निवडक कागदांचे ४५ खंड गो. स. सरदेसाई यांच्या संपादनाखाली १९३० नंतरच्या काही वर्षांत निघाले. मराठ्यांच्या इतिहासावर लिहिणाऱ्या प्रत्येकाला ते उघडावे लागतात. चिमाजीअप्पा आणि नानासाहेब यांच्या पत्रव्यवहारात मस्तानीचा विषय येतो. तो येतो घरापुढचा पेच म्हणून: हिचे काय करावे, रावांची समजूत कशी घालावी, लोक काय म्हणतील. लिहिणारे पुरुष आहेत, त्यांच्या काळज्या राज्याच्या आणि घराण्याच्या आहेत. रात्री रडणाऱ्या सहा वर्षांच्या मुलाला कोणी जवळ घेतले, हे अशा पत्रांत कोणी कशाला लिहील? दफ्तर हे राज्यकारभाराचे असते. घर चालवणाऱ्या बायकांच्या कष्टांचे टाचण त्यात नसते.

म्हणूनच ही कादंबरीकाराची जागा होती, असे कोणी म्हणेल. त्यावर लेखकाच्या बाजूने एक गोष्ट बोलली पाहिजे. इनामदारांनी कादंबरीला नावच 'राऊ' दिले आहे. जवळच्या माणसांच्या तोंडी असलेले हे नाव. श्रीमंत पेशव्यांपेक्षा घरातला माणूस त्यांना दाखवायचा होता आणि त्याची शोकांतिका त्याच्या मृत्यूपाशी संपणे कलेच्या दृष्टीने बरोबरच आहे. पत्नीच्या बाजूने त्यांना लिहिता येत नव्हते, असेही नाही. पानिपतानंतर सदाशिवरावभाऊंची वाट पाहत राहिलेल्या आणि वैधव्य न स्वीकारलेल्या पार्वतीबाईंवर त्यांनी पुढे 'शिकस्त' लिहिली. त्यामुळे 'राऊ'त काशीबाईंना पुरेशी पाने नाहीत, ही तक्रार मला फार मोठी वाटत नाही. पाने मोजून न्याय करता येत नाही.

माझी अडचण वेगळी आहे. काशीबाईंचे आयुष्य मस्तानीच्या येण्यापासून बाजीरावाच्या जाण्यापर्यंत, म्हणजे दहा वर्षांतच मोजायचे, हे कादंबरीला क्षम्य आहे. वाचकांनी ते तसेच का मान्य करावे? मस्तानी-पक्ष, काशीबाई-पक्ष, इतिहास-पक्ष, तिघेही १७४० पाशी थांबतात. तिघांच्याही लेखी काशीबाई म्हणजे बाजीरावाची पत्नी. नवऱ्याच्या दुसऱ्या स्त्रीचे पोर घरात असताना पुढची १८ वर्षे जगलेली बाई कोणालाच दिसत नाही. आणि सोसणे व सांभाळणे या दोन गोष्टी सारख्या नाहीत. सोसणारी बाई गप्प बसून असते. सांभाळणाऱ्या बाईला पहाटे उठावे लागते, ठरवावे लागते, कोणाला तरी विरोध करावा लागतो. या मुलाला पंक्तीत बसवायचे की नाही, त्याला कोणत्या नावाने हाक मारायची, सणाला त्याला कपडे कोणते, असे प्रश्न त्या वाड्यात रोज पडले असतील आणि कोणीतरी ते रोज सोडवले असतील.

माझ्या या वाचनावर एक आक्षेप घेता येईल आणि तो मी स्वतःवर घेऊन पाहिला आहे. आत्याने आपले आयुष्य काशीबाईंवर लादले आणि मी आत्याचे आयुष्य कादंबरीवर लादते आहे. शनिवारवाड्यात दासदासी होत्या, कारभारी होते; खेड्यातल्या माजघराशी त्याची तुलना होत नाही. काशीबाईंनी समशेरबहादूरला मायेने सांभाळले की कर्तव्य म्हणून, की केवळ तो वाड्यात होता म्हणून, हे परंपरा सांगत नाही. हे सगळे मान्य. मात्र आत्याने उत्तर दिले नव्हते, प्रश्न विचारला होता. काशीबाई थोर होत्या, असे ती म्हणाली नाही. मस्तानीला तिने नावे ठेवली नाहीत. धर्माचा तर उल्लेखही नाही. सवतीच्या पोराचे कोणीतरी करावेच लागते, एवढे तिला ठाऊक होते आणि हे करणारी व्यक्ती तिला पुस्तकात शोधायची होती. काशीबाईंच्या जागी स्वतः उभी असलेली ही वाचक काशीबाई-पक्षात गेली नाही. हे मला आज फार महत्त्वाचे वाटते.

वाचकांची मते ही समीक्षेची कच्ची सामग्री आहे, असे आपण समजतो. तसे असेल तर ती गोळा करताना मते बाजूला ठेवून आधी प्रश्न टिपून घ्यावेत. कादंबरी आवडली की नाही, नायिका कोणती पटली, या मतांची उत्तरे बहुधा त्या त्या दशकाने आधीच तयार ठेवलेली असतात. १९७२ मध्ये प्रेमाचे कौतुक होते, २०१५ नंतर पत्नीच्या स्वाभिमानाचे आहे. प्रश्न मात्र वाचणाऱ्याच्या आयुष्यातून येतो.

आत्या १९९१ साली गेली. तिन्ही मुलगे होते. पाणी थोरल्याने दिले. दिवसकार्याच्या वेळी कोणीतरी गुरुजींना सांगितले की तो 'सख्खा' नाही. त्यावर धाकटी, म्हणजे त्याची जन्मदात्री, भिंतीशी बसली होती, ती म्हणाली, "तिचाच आहे." एवढे बोलून ती पुन्हा गप्प झाली.

आमच्या मंडळात पुढच्या वर्षी 'राऊ' तिसऱ्यांदा घ्यावी, असा प्रस्ताव मी दिला आहे. या वेळी चर्चा समशेरबहादूरपासून सुरू करू, असे मी सुचवले आहे. दोन-तीन जणांनी विचारले, तो कादंबरीत असून असून किती? मी म्हटले, तेच तर बोलायचे आहे.